खाडीच्या धक्क्यावरचें गाणें



जन्मभर शाळेंत व्याकरण आणि भूगोल शिकविलेल्या, मॅट्रिकच्या पलीकडे न गेलेल्या माझ्यासारख्या मनुष्यानें अमेरिकेंतील एका गाण्याविषयीं बोलावयास बसावें, हें आपणांपैकीं कित्येकांस चमत्कारिक वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें. गेल्या पावसाळ्यांत एका सायंकाळीं माझा नातू आपल्या हातांतील यंत्रावर एकच गाणें पुन्हां पुन्हां लावीत होता. शब्द मला नीट कळत नव्हते. परंतु आरंभीं लाटांचा आवाज, मग एक भरदार, किंचित् खरखरीत असा पुरुषी गळा, आणि शेवटीं शब्द संपून चक्क शीळ! शिळेवर संपणारें गाणें मीं तरी पूर्वीं ऐकलें नव्हतें. वर्गांत शीळ घालणाऱ्या मुलास मी बांकावर उभें करीत असें. येथें त्याच अपराधाबद्दल एका गायकास जगानें डोक्यावर घेतलें होतें. कुतूहल वाटून मीं चौकशी केली, पुस्तकें मिळविलीं, आणि जी हकीकत हातीं आली ती आज आपणांपुढें ठेवतों.

गाण्याचें नांव ‘सिटिन ऑन द डॉक ऑफ द बे’, म्हणजे खाडीच्या धक्क्यावर बसून. गायक ओटिस रेडिंग. ध्वनिमुद्रण १९६७ सालच्या नोव्हेंबर-डिसेंबर महिन्यांत झालें. तबकडी बाजारांत आली ती ८ जानेवारी १९६८ रोजीं. ह्या दोहोंच्या मध्यें, १० डिसेंबर १९६७ ह्या दिवशीं, गायकाचा मृत्यु झाला. त्याचें वय त्या वेळीं अवघें सव्वीस वर्षांचें होतें.

ह्या जातीच्या संगीतास अमेरिकेंत ‘सोल’ असें म्हणतात. आपल्याकडे सोल म्हटला कीं जोड्याचा तळ आठवतो; पण हा सोल तो नव्हे. येथें सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेंतील कृष्णवर्णीय लोकांच्या प्रार्थनामंदिरांत भजनाची एक फार जोमदार परंपरा आहे. एकानें ओळ उचलावयाची, इतरांनीं ती झेलावयाची, टाळ्यांचा ठेका धरावयाचा, आणि गातां गातां गळा भरून आला तर तो लपवावयाचा नाहीं. आपल्या भजनी मंडळांत बसलेल्यास ह्यांतील मर्म वेगळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. हेंच गाणें देवाऐवजीं माणसाच्या प्रेमाला आणि दुःखाला लावलें, त्याला ऱ्हिदम ॲण्ड ब्लूज नांवाच्या लौकिक संगीताची जोड दिली, म्हणजे सोल झालें. १९५४ साली रे चार्ल्स ह्या अंध गायकानें हा प्रयोग उघड उघड केला, तेव्हां भाविक मंडळींस तो पाखंड वाटला. पुढें सॅम कुक ह्यानें भजनें सोडून लौकिक गाणीं म्हणावयास आरंभ केला, त्यावेळींही तसाच गहजब झाला. रेडिंग ह्या दोघांच्या नंतरचा. त्याच्या वेळेपर्यंत वाद शमले होते आणि वाट मोकळी झाली होती.

रेडिंगचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजीं जॉर्जिया संस्थानांतील डॉसन ह्या गांवीं झाला, आणि बालपण मेकन शहरांत गेलें. वडील पूर्वीं दुसऱ्याच्या जमिनींत वाट्यानें शेती करीत. पुढें विमानदळाच्या तळावर नोकरीस लागले आणि अधूनमधून देवळांत प्रवचनही करीत. त्यांना क्षय झाला, आणि पंधराव्या वर्षीं मुलानें शाळा सोडली. विहिरी खणणें, पेट्रोलच्या पंपावर गाड्यांत तेल भरणें, असलीं कामें त्यानें केलीं. शाळा सुटलेल्या अशा मुलांविषयीं आम्हां मास्तरांच्या मनांत नेहमींच एक रुखरुख असते. ह्या मुलास मात्र दुसरी शाळा सांपडली. मेकनमधील डग्लस थिएटरांत दर आठवड्यास हौशी गायकांची स्पर्धा होत असे आणि पहिल्या येणाऱ्यास पांच डॉलर मिळत. रेडिंगनें ती लागोपाठ पंधरा आठवडे जिंकली!

आतां आपण मेंफिसला जाऊं. टेनेसी संस्थानांतील हें शहर मिसिसिपी नदीच्या कांठीं आहे. तेथें जिम स्ट्यूअर्ट नांवाचा बँकेंतला एक कारकून होता. तो गोरा, ग्रामीण पद्धतीचें फिडल वाजविणारा. कृष्णवर्णीयांचें संगीत त्याला पूर्वीं ठाऊकही नव्हतें. गाणीं मुद्रित करण्याच्या नादानें त्यानें १९५७ साली एक लहानशी कंपनी काढली. ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेण्यास पैसे नव्हते. तेव्हां त्याची थोरली बहीण एस्टेल ॲक्सटन हिनें आपलें राहतें घर गहाण टाकून ते उभे केले. १९६० साली ह्या बहीणभावांनीं मॅक्लिमोर ॲव्हेन्यूवरील एक बंद पडलेलें चित्रपटगृह भाड्यानें घेतलें. स्ट्यूअर्टमधील ‘स्ट’ आणि ॲक्सटनमधील ‘ॲक्स’ मिळून पुढें ‘स्टॅक्स’ हें नांव झालें. हा संधि पाणिनीच्या कोणत्या सूत्रानें होतो तें विचारूं नका. चित्रपटगृहाच्या खुर्च्या काढल्या, पण जमीन पडद्याच्या बाजूस उतरती होती ती तशीच राहिली. सपाट करण्याइतके पैसेच नव्हते! ह्या उतारामुळें त्या खोलींत आवाजाला एक निराळाच भारदस्तपणा येई, असें जाणकार सांगतात. बाहेरच्या बाजूस जेथें पूर्वीं खाऊ विकला जाई, तेथें एस्टेलबाईंनीं तबकड्यांचें दुकान मांडलें. आंत नवें गाणें झालें कीं बाई तें दुकानांत लावीत आणि मोहल्ल्यांतील मुलांचे पाय हलतात कीं नाहींत तें पाहत. परीक्षेची ही पद्धत मला फार आवडली.

ह्या जागेचें खरें वैशिष्ट्य मात्र निराळें होतें. मेंफिसमध्यें त्या काळीं गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या शाळा, खाणावळी, बसण्याच्या जागा, सारें वेगवेगळें होतें. असें असतां त्या उतरत्या खोलींत चार तरुण रोज एकत्र बसून वाजवीत. बुकर टी. जोन्स आणि अल जॅक्सन हे कृष्णवर्णीय. स्टीव्ह क्रॉपर आणि डोनाल्ड डन हे गोरे. बाहेर रस्त्यावर ज्यांना एका टेबलाशीं बसून जेवणें कठीण, ते आंत एका तालांत वाजवीत होते.

१९६२ सालच्या ऑगस्टमध्यें जॉनी जेंकिन्स नांवाचा मेकनचा एक गिटारवादक ध्वनिमुद्रणासाठीं ह्या जागीं आला. त्याच्यापाशीं गाडी हांकण्याचा परवाना नव्हता, म्हणून रेडिंग सारथी झाला होता. वाद्यें आंत आणून ठेवणारा हा उंचापुरा तरुण म्हणजे कोणी नोकर असावा, असाच तेथील मंडळींचा समज झाला. जेंकिन्सचें काम कांहीं साधेना. वेळ उरला, आणि मलाही एक गाणें म्हणूं द्या असा ह्या सारथ्याचा आग्रह चालला होता. शेवटीं त्याला संधि मिळाली. त्यानें जें म्हटलें तें ‘दीज आर्म्स ऑफ माइन’. स्टॅक्सच्याच ‘व्होल्ट’ ह्या छापावर तें त्याच वर्षीं प्रसिद्ध झालें, आणि रथ हांकणारा रथांत बसला.

पुढील पांच वर्षांचा वृत्तांत मी थोडक्यांत आटोपतों. ओटिस रेडिंग हें नांव कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या घरोघर पोंचलें. त्याचें गाणें म्हणजे विनवणी, आर्जव, हुंदका. स्वर चढत चढत शेवटीं गळा फाटेल कीं काय असें वाटावें अशी त्याची रीत. परंतु सर्व अमेरिकेच्या विक्रीची जी यादी ‘बिलबोर्ड’ हें पत्र प्रसिद्ध करी, तींत त्याचें कोणतेंही गाणें एकविसाव्या जागेच्या वर कधीं गेलें नाहीं. त्यानेंच १९६५ साली लिहिलेलें आणि गायिलेलें ‘रिस्पेक्ट’ हें गीत १९६७ साली ॲरीथा फ्रँकलिन ह्या बाईंनीं घेतलें आणि पहिल्या क्रमांकावर नेऊन बसविलें. आपलें गाणें एका मुलीनें पळविलें, अशी थट्टा तो स्वतःच व्यासपीठावरून करीत असे. थट्टा खरी; पण त्या थट्टेखालीं कांहीं सल नसेल असें मला वाटत नाहीं.

त्याच वर्षीं जूनच्या सतरा तारखेस कॅलिफोर्नियांतील मॉन्टेरे येथें मोठा संगीतोत्सव भरला होता. समोर बहुतेक सर्व गोरी तरुण मंडळी, केंस वाढविलेली, फुलें माळलेली. रात्रीं उशीरां पावसाची भुरभुर चालूं असतां रेडिंग व्यासपीठावर आला आणि अवघ्या पांच गाण्यांत त्यानें तो समुदाय जिंकला. इंग्लंडांतील ‘मेलडी मेकर’ ह्या पत्रानें घेतलेल्या मतदानांतही त्या वर्षीं तो एल्व्हिस प्रेस्लीच्या वर गेला. म्हणजे दार उघडलें होतें. आतां त्या दारांतून आंत काय घेऊन जावयाचें, हा प्रश्न त्याच्यापुढें होता असें दिसतें. त्या उन्हाळ्यांत तो बीटल्स मंडळींची ‘सार्जंट पेपर’ ही नवी तबकडी लक्षपूर्वक ऐकत असे. आपल्याला इतकीं वर्षें यश देणारी ओरडण्याची रीत सोडून दुसरें कांहीं करावें, असें त्याच्या मनानें घेतलें होतें.

सॅन फ्रॅन्सिस्को येथें त्याचे कार्यक्रम होते. मुक्कामास त्याला खाडीच्या पलीकडील सॉसलिटो ह्या गांवीं पाण्यावर तरंगणारें एक घर मिळालें. आपल्याकडे काश्मीरांत असतात तशाच घरनौकांची तेथें एक वस्तीच आहे. रोज हजारों लोकांच्या आरोळ्या ऐकणारा हा मनुष्य तेथें दिवसा एकटाच बसे. समोर पाणी, येणाऱ्या-जाणाऱ्या होड्या, जवळ गिटार. गाण्याचा मुखडा तेथें सुचला. विषय म्हणाल तर अगदीं साधा. जॉर्जियांतील आपलें घर सोडून पश्चिम किनाऱ्यावर आलेला, जगण्यासारखें हातीं कांहीं न लागलेला एक मनुष्य धक्क्यावर बसून भरती-ओहोटी पाहत आहे. तो कोणाची विनवणी करीत नाहीं. कोणी प्रेयसी गाण्यांत नाहीं. स्थिति बदलेल अशी आशा तो धरीत नाहीं, आणि बदलत नाहीं म्हणून आक्रोशही करीत नाहीं.

ह्यानंतर एक विघ्न आलें. अतिश्रमानें त्याच्या गळ्यांत गांठी झाल्या होत्या; त्या शस्त्रक्रियेनें काढाव्या लागल्या. त्यानंतर कित्येक आठवडे गाणें बंद, आणि कांहीं काळ तर बोलणेंही बंद. ज्याचें सर्व घरदार गळ्यावर चालतें, त्याच्या मनाची त्या दिवसांतील अवस्था आपण कल्पनेनेंच जाणावी. गळा परत येईल कीं नाहीं? आला तर तोच येईल काय? मलाही एकदां घशाच्या विकारानें महिनाभर वर्गांत खडू-फळ्यावरच काम भागवावें लागलें होतें. त्या महिन्यांत वर्गांत आपण उगीचच किती बोलतों हें मला प्रथम कळलें. रेडिंगलाही असलेंच कांहीं कळलें असेल काय, तें मी सांगूं शकत नाहीं. पण नोव्हेंबरांत तो मेंफिसला परतला तेव्हां गळा पूर्वींपेक्षां स्वच्छ झाला होता, आणि थोड्याच दिवसांत त्यानें गाण्यांचा नुसता सपाटा लावला. त्यांतच हें धक्क्यावरचें गाणें होतें.

गाण्याचा आरंभ झालेला, पण पुढचें अपुरें. तें पुरें करण्यास तो स्टीव्ह क्रॉपरकडे गेला. क्रॉपर हा गिटार वाजवी, गाणीं रची, आणि ध्वनिमुद्रणाची सर्व व्यवस्थाही पाही. दोघे एकाच वर्षीं जन्मलेले. रेडिंगच्या स्वतःच्या आयुष्यांतील गोष्टी गाण्यांत ओंवावयाच्या, ही क्रॉपरची जुनी खोड; येथें तर त्याला आयतेंच सांपडलें. जॉर्जिया सोडून खाडीवर आलेला तो मनुष्य दुसरा कोण असणार?

ह्या रचनेच्या वेळची एक आठवण क्रॉपरनें पुढें मुलाखतींतून सांगितली आहे, ती मला विशेष रुचली. जहाजें धक्क्याकडे येतात ह्या अर्थीं रेडिंगनें एक क्रियापद योजलें होतें, त्याचा शब्दशः अर्थ लोळत किंवा गडगडत येणें असा होतो. क्रॉपरनें शंका काढली कीं, जहाज जर असें कलंडलें तर तें बुडेल! रेडिंगनें ऐकलें नाहीं. मला हेंच हवें, म्हणून तो अडून बसला. खरें सांगतों, तो निबंध माझ्यापुढें आला असता तर मीं त्या क्रियापदाखालीं तांबडी रेघ मारली असती. आणि रेघ मारून मीं चूक केली असती. लाटेवर डुलत डुलत येणारी होडी दाखविणारा तोच शब्द बरोबर आहे. शुद्ध शब्द घातला असता तर होडी नुसतीच आली असती.

दुसरी एक गोष्ट संगीतांतली. रेडिंग गिटारच्या तारा अशा लावी कीं, पट्ट्यावर एक बोट आडवें टेकलें म्हणजे पुरा स्वरसमूह वाजावा. ह्या सोयीचा एक परिणाम असा कीं, ह्या गाण्यांतील सर्व स्वरसमूह पाश्चात्यांच्या ‘मेजर’ जातीचे आहेत. म्हणजे आपल्या भाषेंत बोलावयाचें तर, प्रत्येक समूहाचा आधारस्वर षड्ज मानला तर त्याच्यावर लागणारा गांधार शुद्धच. कोमल कोठेंच नाहीं. आपण दुःख दाखवावयाचें म्हटलें कीं प्रथम कोमल स्वरांकडे वळतों, आणि पाश्चात्यही बहुधा तेंच करितात. येथें गाणें उदास आहे, पण साथ एकदांही उदास होत नाहीं. ऊन पडलेलें आहे आणि माणूस एकटा बसला आहे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणें ह्या गाण्याची सारी जादू ह्या विसंगतींत आहे.

ध्वनिमुद्रण २२ नोव्हेंबरला झालें, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यांत त्यावर आणखी कांहीं संस्कार झाले. आतां शिळेची गोष्ट. गाणें संपतांना रेडिंग बहुधा उत्स्फूर्त कांहीं बोले, शब्द फेंके, हुंकार देई. येथेंही शेवटीं असेंच कांहीं म्हणावयाचें ठरलें होतें. प्रत्यक्ष वेळ आली, आणि तो काय म्हणावयाचें तेंच विसरला! वादक वाजवीत आहेत, ध्वनिफीत फिरते आहे. मग त्यानें सरळ शीळ घातली. ही क्रॉपरनें सांगितलेली हकीकत. शीळ राहिली. ती मागून खोडून दुसरें कांहीं भरणें अशक्य नव्हतें. पण तीच बरोबर आहे हें तेथील मंडळींस कळलें. धक्क्यावर रिकामा बसलेला मनुष्य दुसरें काय करील?

परंतु सर्वांसच हें गाणें पसंत पडलें असें समजूं नका. स्वतः जिम स्ट्यूअर्टला तें आपल्या घराण्याचें वाटेना; त्यांत स्टॅक्सचा ठसका नाहीं, हें भलतेंच गोड आहे, असा त्याचा अभिप्राय. रेडिंगच्या पत्नीलाही तें प्रथम भावलें नव्हतें. क्रॉपर आणि रेडिंग ह्या दोघांची मात्र खात्री होती कीं, हेंच गाणें पहिल्या क्रमांकावर जाणार. आपल्याला ज्या रीतीनें लोक ओळखतात ती रीत सोडून नवें करावयाचें, आणि तेंही गळ्यावर शस्त्र चालून गेल्यावर, आपलीच माणसें साशंक असतां! ह्या गोष्टीला धैर्य लागतें, आणि तें त्यानें दाखविलें.

त्यानंतर तो दौऱ्यावर गेला. अलीकडेच त्यानें स्वतःचें लहान विमान घेतलें होतें. साथीला ‘बार-केज’ नांवाचा वादकांचा संच होता. हीं सारीं मुलें. बहुतेकांचें शिक्षण नुकतेंच संपलेलें. १० डिसेंबर, रविवार. क्लीव्हलंडहून विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन शहरीं जावयाचें होतें. हवा वाईट होती. पाऊस आणि धुकें. दुपारीं साडेतीनच्या सुमारास, विमानतळ कांहीं मैलांवर राहिलें असतां, विमान मोनोना सरोवराच्या गोठणाऱ्या पाण्यांत पडलें. आंत आठ माणसें होतीं, सात गेलीं. रेडिंग, त्याचा सेवक, वैमानिक, आणि संचांतील चार मुलें. तुतारी वाजविणारा बेन कॉली तेवढा वांचला. त्याला पोहतां येत नव्हतें. आसनाची गादी छातीशीं धरून तो पाण्यावर राहिला, आणि आपले सोबती हांका मारतां मारतां बंद झालेले त्यानें ऐकले. संचांतील आणखी एक जण, जेम्स अलेक्झांडर, विमानांत जागा नसल्यामुळें मागाहून निघाला होता. अपघाताचें कारण कधींच निश्चित झालें नाहीं. १८ डिसेंबरला मेकनच्या नगरसभागृहांत अंत्यविधि झाला. साडेचार हजार लोक जमले होते.

इकडे व्यापाराचें चक्र थांबत नसतें. स्टॅक्सच्या तबकड्या देशभर विकण्याचें काम न्यूयॉर्कची ॲटलांटिक कंपनी करी. तिचा निरोप आला कीं, रेडिंगचें नवें कांहीं असेल तर ताबडतोब पाठवा. काम क्रॉपरवर आलें. मित्राचा मृत्यु होऊन कांहीं दिवस झालेले. आणि ह्यानें त्या उतरत्या खोलीशेजारीं बसून त्याच मित्राचा आवाज पुन्हां पुन्हां लावावयाचा, कोठें वाढवावयाचा, कोठें कमी करावयाचा! ह्या कामानेंच आपल्याला त्या दिवसांत तारलें, अशा अर्थाचें तो पुढें सांगत असे. लाटांचे आणि समुद्रपक्ष्यांचे आवाज त्यानें ह्या वेळीं घातले. जाहिरातींच्या ध्वनिमुद्रणाचें काम करणाऱ्या मेंफिसमधील एका कंपनीच्या संग्रहांतून ते त्यानें मिळविले.

गायक हयात नसतां त्याच्या कृतींत असली भर घालावी काय, असा प्रश्न माझ्या मनांत आला होता. एखाद्या कवीच्या पश्चात् त्याच्या हस्तलिखितांत शब्द भरणारे संपादक मला मुळींच आवडत नाहींत. परंतु येथें एक गोष्ट क्रॉपरच्या बाजूची आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळच्या ज्या कच्च्या प्रति शिल्लक आहेत, त्यांत रेडिंग स्वतःच चेष्टेनें समुद्रपक्ष्यांच्या ओरडण्याची नक्कल करतांना ऐकूं येतो. मित्राची ती थट्टा क्रॉपरच्या ध्यानांत होती. ज्याची नक्कल त्यानें केली, तो आवाज ह्यानें खरा आणून दिला. एवढें कळल्यावर माझा आक्षेप मीं मागें घेतला.

८ जानेवारीस तबकडी निघाली. १६ मार्च १९६८ च्या यादींत ती पहिल्या क्रमांकावर आली आणि चार आठवडे तेथें राहिली. निधन पावलेल्या गायकाचें गाणें बिलबोर्डच्या त्या यादींत पहिलें येण्याचा अमेरिकेंतला हा पहिलाच प्रसंग होता. दहा लाखांहून अधिक प्रति खपल्या. इंग्लंडांत तें तिसऱ्या स्थानापर्यंत गेलें. पुढील वर्षीं त्याला दोन ग्रॅमी पारितोषिकें मिळालीं. एक गायनाबद्दल आणि एक रचनेबद्दल. शतकाच्या अखेरीस, १९९९ साली, वीस शतकांतील नव्हे, विसाव्या शतकांतील (जिभेची चूक, क्षमा करावी) सर्वांत अधिक वेळां वाजविल्या गेलेल्या गीतांची एक यादी बी.एम.आय. ह्या हक्करक्षक संस्थेनें केली, तींत ह्याचा क्रमांक सहावा लागला. तोंवर तें सुमारें साठ लाख वेळां वाजविलें गेलें होतें.

हे चार आठवडे कोणते होते तें मात्र पाहण्यासारखें आहे. फेब्रुवारीपासून मेंफिसमधील कचरा वाहणाऱ्या तेराशे कृष्णवर्णीय कामगारांचा संप चालूं होता. त्यांच्या पाठीशीं उभें राहण्याकरितां डॉ. मार्टिन ल्यूथर किंग त्या शहरीं आले, आणि ४ एप्रिलला, हेंच गाणें देशांत पहिल्या क्रमांकावर असतां, लोरेन मोटेल ह्या उतारशाळेच्या सज्जांत त्यांचा खून झाला. हें लोरेन मोटेल स्टॅक्सच्या मंडळींचें नित्याचें ठिकाण. काळ्या-गोऱ्यांनीं एकत्र बसावें, बोलावें, अशा त्या शहरांतल्या फार थोड्या जागांपैकीं ती एक. क्रॉपरनें आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांसह कित्येक गाणीं तेथल्याच खोल्यांतून रचलेलीं होतीं. त्या दिवसानंतर स्टॅक्सच्या आंतलें वातावरणही पूर्वींचें राहिलें नाहीं, असें तेथील दोन्ही वर्णांच्या लोकांनीं लिहून ठेवलें आहे. चौघे वाजवीत राहिले, पण आतां खोलीच्या बाहेरची गोष्ट आंत आली होती.

आणखी एक आघात त्याच वसंतांत झाला. ॲटलांटिक कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीस विकली गेली होती. तेव्हां जिम स्ट्यूअर्टनें जुना करार उघडून पाहिला. १९६५ साली त्यानें विश्वासानें, नीट न वाचतां, त्यावर सही केली होती. त्यांतील एका कलमानें असें ठरलें होतें कीं, ॲटलांटिकनें विकलेल्या स्टॅक्सच्या सर्व ध्वनिमुद्रणांची मालकी ॲटलांटिकचीच. म्हणजे बहिणीनें घर गहाण टाकून उभारलेल्या त्या खोलींत जें जें गायिलें गेलें, रेडिंगच्या ह्या शेवटच्या गाण्यासह, तें सारें हातचें गेलें! ज्या मनुष्यानें बँकेंत वर्षानुवर्षें कागद तपासले, त्यानेंच हा कागद तपासला नाहीं. प्रश्नपत्रिका पुरती वाचल्याशिवाय लेखणी उचलूं नका, असें मी मुलांना चाळीस वर्षें सांगत आलों. ती सूचना इतक्या दूरच्या मनुष्याच्या उपयोगी पडली असती, हें मला ठाऊक नव्हतें.

कंपनीनें पुन्हां डोकें वर काढलें, कांहीं वर्षें ती फार भरभराटलीही. पण १९७५ च्या अखेरीस तिचें दिवाळें निघालें. चित्रपटगृहाची ती इमारत १९८९ साली पाडण्यांत आली. पुढें त्याच जागेवर तिची हुबेहूब प्रतिकृति उभारून २००३ साली संगीताचें एक संग्रहालय उघडलें. जमीन सपाट करण्यास आतां पैशाची अडचण नव्हती. तरीही ध्वनिमुद्रणाच्या खोलीचा उतार पहिल्यासारखाच राखला आहे.

आपल्यापैकीं कोणास हें गाणें ऐकण्याचा योग आला, तर शेवट येण्यापूर्वीं बोलूं नये, एवढीच माझी विनंति आहे. पुरतीं तीन मिनिटेंही तें चालत नाहीं. शब्द संपतात, शीळ सुरूं होते. ती शीळ पुरी होत नाहीं. चालूं असतांनाच तिचा आवाज हळूहळू कमी केलेला आहे.